जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवरचा फुटलेला टेराकोटा बदलायचाय? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात अजून बरीच जुनी घरं, वाडे, शाळा, बंगले उभे आहेत ज्यांच्या दर्शनी भागावर भाजलेल्या मातीचं, म्हणजे टेराकोटाचं काम आहे. कठड्यातले छोटे खांब, जाळ्या, खिडकीच्या कमानीवरची फुलं, छज्जाखालची पट्टी, आढ्याच्या टोकाला कळस. दर पावसाळ्यात त्यातलं काहीतरी पडतंय आणि मग सुरू होते धावपळ, कुणाला विचारायचं, काय लावायचं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथं एकत्र लिहून ठेवलंय. घाईत असाल तर निदान पाण्याचा आणि साच्याचा असे दोन प्रश्न नक्की वाचा, बहुतेक कामं तिथंच फसतात.

आमच्या भिंतीवर जे आहे ते टेराकोटाच आहे हे कसं ओळखायचं?

तुटलेली कड बघा. टेराकोटा असेल तर आतपर्यंत एकच विटकरी किंवा फिकट केशरी रंग असतो, दाणा बारीक असतो, आणि मोठे तुकडे मागच्या बाजूनं पोकळ असतात, कारण भरीव जाड गोळा भट्टीत नीट भाजत नाही, तडकतो. आत पांढरट दिसलं आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फेस आला तर ती चुन्याच्या गिलाव्यातली नक्षी आहे, वरनं गेरू किंवा रेड ऑक्साईड फासलेलं. आत करडं आणि वाळू दिसली तर सिमेंट, म्हणजे आधीच कुणीतरी बदललेला तुकडा. एकाच घरावर तिन्ही सापडतात, त्यामुळं एक तुकडा बघून सगळ्याचा निकाल लावू नका.

बाहेरच्या जगात या मातीनं अख्ख्या इमारती मढवल्यात, लंडनचं १८८१ मध्ये उघडलेलं नॅचरल हिस्ट्री म्युझियम आतून बाहेरून टेराकोटाचं आहे, आणि आपल्या देशात बंगालमधल्या विष्णुपूरची सतराव्या शतकातली देवळं. आपल्याकडं त्यामानानं थोडं थोडं काम आहे, बहुतेक बिनग्लेझचं, म्हणजे वर काचेसारखा चकचकीत थर न दिलेलं, लाल. पण थोडं आहे म्हणून टाकाऊ नाही.

इतकी वर्षं टिकलं आणि आताच का फुटायला लागलं?

पाणी. दहातल्या नऊ वेळा विचार पाण्यापासूनच सुरू करायचा.

इंटरनेटवर वाचाल तर परदेशातले लोक बर्फाबद्दल लिहितात, आत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि मातीचा चेहरा उडवतं. बेळगावची थंडी कितीही बोचरी असली तरी भिंतीतलं पाणी गोठत नाही, म्हणून ते कारण आपल्याकडं सोडून द्या. आपल्याकडचा त्रास वेगळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडनं वाऱ्यासकट मारा येतो, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका, भिंत आठवडेच्या आठवडे ओलीच राहते. ते पाणी बाहेर पडायला जागा असेल तर काही बिघडत नाही. जुन्या कामात सांधे चुन्याचे होते, पाणी सांध्यातनं आत जायचं तसं सांध्यातनंच वाळून बाहेर यायचं. मग कधीतरी कुणीतरी ते सांधे सिमेंटनं भरले, वरनं ऑइल पेंट मारला, आता पाण्याला बाहेर पडायला एकच वाट उरली, ती म्हणजे टेराकोटाच्याच अंगातून. पाण्याबरोबर क्षार येतात, पृष्ठभागाच्या जरा आत सुकून त्यांचे खडे होतात आणि वरचा थर पोपड्यासारखा निघतो. लोणा लागला म्हणतो तो हाच.

दुसरं कारण लोखंड. मोठे तुकडे भिंतीला धरून ठेवायला आत लोखंडी पट्ट्या, आकडे, सळ्या असतात. लोखंड गंजलं की मूळ आकाराच्या दुपटीपेक्षा जास्त जागा घेतं, आणि मातीला ताण सहन होत नाही, सरळ उभी चीर पडते. चिरेतून तपकिरी ओघळ दिसतोय का बघा, दिसला तर आत गंज आहे हे नक्की.

आणि तिसरं, पिंपळ. पारव्यांनी आणलेलं बी कठड्याच्या सांध्यात रुजतं, नुसतं वरनं उपटून फेकलं की मूळ आतच राहतं आणि पुढच्या वर्षी जास्त जोरात येतं. मूळ हळूहळू पूर्ण काढावं लागतं, गरज पडली तर दोन तुकडे सुटे करून.

म्हणून नवीन तुकड्याची ऑर्डर द्यायच्या आधी वर चढून पन्हळ, कठड्याचा माथा, कौलांची शेवटची ओळ आणि गच्चीचा उतार बघा. पन्हळ फुटकी ठेवून खाली नवा टेराकोटा बसवला तर तो पण जाणार, आणि नवा असल्यानं जास्त वाईट वाटणार.

सगळेच तुकडे बदलायचे की फुटलेलेच?

फुटलेल्यातले पण सगळे नाही. जेवढं जुनं वाचवता येईल तेवढं वाचवा, त्या हातानं केलेल्या नक्षीला जी धार असते ती नव्यात सहसा उतरत नाही.

ठरवायची रीत सोपी आहे, फक्त वेळ काढावा लागतो. परांचीवर उभं राहून लाकडी हातोडीनं किंवा बोटाच्या पेरानं एकेक तुकडा हळू ठोकायचा, माठ घेताना वाजवून बघतो तसाच. खणखणीत आवाज आला तर तुकडा ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा मागनं सुटलाय. हे काम कोरड्या दिवसांत करा, ओली माती चांगली असली तरी बद्द वाजते. प्रत्येक तुकड्याला नंबर द्या, दर्शनी भिंतीचा एक मोठा फोटो प्रिंट करून त्यावर खुणा करा, हिरवी म्हणजे राहू दे, पिवळी म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे बदल. मेस्त्री बदलला, मधेच काम थांबलं तरी तो कागद कामाला येतो.

केसासारख्या बारीक चिरा असतील आणि तुकडा खणखणीत वाजत असेल तर हात लावू नका. नक्षीचं एखादं पान तुटलंय पण तुकडा घट्ट आहे, तर चुना आणि विटकरीच्या चुऱ्याची भर घालता येते. तुकडा चांगला आहे पण मागनं सुटलाय, तर सांध्यातनं स्टेनलेसची बारीक सळी घालून बांधता येतो. चेहराच गेलाय, मधोमध आरपार फुटलाय किंवा आतली लोखंडी पट्टी काढल्याशिवाय इलाजच नाही, असे तेवढे बदलायचे.

मेस्त्री म्हणतात सिमेंटमध्ये लाल रंग मिसळून तिथल्या तिथं घडवून देतो, एका दिवसाचं काम. काय हरकत आहे?

हरकत आहे. मेस्त्रींचा हात चांगलाच असतो, दिसायला पहिल्या दिवशी हुबेहूब होईल पण. सिमेंट शेजारच्या भाजलेल्या मातीपेक्षा कडक आणि बंद असतं. ओल त्यातनं वाळत नाही, शेजारच्या जुन्या तुकड्यांकडं वळते, त्यात सिमेंटचे स्वतःचे क्षार असतात ते पण तिकडंच जातात. दोन-चार पावसाळ्यांनी बघाल तर सिमेंटचा तुकडा जसाच्या तसा आणि त्याच्या दोन्ही बाजूचे जुने तुकडे पोपडे सोडताहेत. शिवाय तो लाल रंग उन्हानं उतरतो आणि करडा डाग राहतो.

शहरातल्या एका जुन्या घराचा कठडा बघायला गेले होते, तिथं एकाआड एक खांब सिमेंटचे होते, आणि मधले मातीचे सगळे बुडापाशी झिजून अर्धे राहिलेले. बोट लावलं की लाल पीठ हाताला. वरचा भाग मात्र अजून धारदार, पाकळ्या मोजता येतील इतका. म्हणजे मातीत दोष नव्हता, बुडाला सिमेंटची पट्टी ओढली होती तिथं पाणी साचत होतं.

नवीन तुकडा आपल्या भागात करून मिळतो का?

मिळू शकतो, आणि ही आपल्या भागाची खरी ताकद आहे. खानापूरची माती कुंभारकामाला, विटा-कौलांना पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, तिथं खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था पण आहे. मंगलोरी कौलांची सुरुवात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळुरात १८६५ मध्ये केली आणि ती पद्धत किनाऱ्यापासून घाटावर सगळीकडं पसरली, त्यामुळं साच्यात माती दाबून काम करायची सवय आपल्याकडच्या कारागिरांना आहे. पण कौल वेगळं, नक्षीचा तुकडा वेगळा, म्हणून दारात जाऊन नुसतं "असं करून द्या" म्हणू नका. सोबत जुना तुकडा न्या, मापं लिहून न्या, आणि आधी दोन नमुने करून घ्यायचे पैसे वेगळे द्यायची तयारी ठेवा. कुंभारमामांना नमुन्याचे पैसे दिले की ते पण जीव ओतून करतात, फुकट नमुना मागितला की उरकून टाकतात, आणि त्यात त्यांची काय चूक.

शेजारचा चांगला तुकडा आहे, त्याच्यावरनंच साचा घेतला तर झालं ना?

नाही झालं. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. जुन्या तुकड्यावरनं थेट साचा घेतला तर भाजून आलेला तुकडा जुन्यापेक्षा लहान येतो, आणि मग भिंतीत बसवताना चारी बाजूंनी जाड सांधा भरावा लागतो, नक्षीची रेघ शेजारच्या रेघेला जुळत नाही. रस्त्यावरनं सुद्धा कळतं.

किती आकसते हे मातीवर आहे, म्हणून आधी चाचणी. ज्या मातीत काम करायचंय त्याच मातीची एक पट्टी थापायची, ओली असतानाच तिच्यावर बरोबर १०० मिलिमीटरची रेघ ओढायची. सावलीत वाळवायची, त्याच भट्टीत भाजायची, आणि मग तीच रेघ मोजायची. समजा ती ९१ मिलिमीटर भरली, म्हणजे ९ टक्के आकसली. आता तुम्हाला ३० सेंटिमीटरचा तुकडा हवाय तर ३० भागिले ०.९१, म्हणजे जवळजवळ ३३ सेंटिमीटरचा नमुना घडवावा लागेल आणि साचा त्या नमुन्यावरनं घ्यावा लागेल. ३ सेंटिमीटरचा फरक, थोडका नाही. उंची, रुंदी, खोली, प्रत्येक मापाला हा हिशोब लावायचा. वाढीव नमुना प्लास्टर ऑफ पॅरिसचा किंवा लाकडाचा करतात, आणि इथं गणपतीच्या मूर्ती घडवणारे हात उपयोगी पडतात, नक्षी वाढवून तीच ठेवायची नजर त्यांच्याकडं असते.

मातीत भाजलेल्या कौलांचा किंवा विटांचा चाळलेला चुरा मिसळला, साधारण पाव भाग, तर आकसणं कमी होतं आणि तुकडा वाकडा होत नाही. माती चाळून घ्या हे निक्षून सांगा. तिच्यात चुनखडीचा बारीक खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, आणि भिंतीवर गेल्यावर ओल लागली की तो फुगून वरची कपची उडवतो. नवाकोरा तुकडा आणि मधोमध पांढऱ्या ठिपक्याचा खड्डा, कारण हेच.

नीट भाजलाय की नाही, हे मला कसं कळणार?

आधी वाजवून. मग पाण्यानं. पूर्ण कोरडा तुकडा वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्यानं पुसा आणि परत वजन करा. २००० ग्रॅमचा तुकडा २२४० ग्रॅम झाला तर १२ टक्के पाणी प्यायला. हाच प्रयोग जुन्या सुट्या तुकड्यावर पण करा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. नवा तुकडा जुन्याच्या जवळपास हवा. खूप जास्त पाणी पीत असेल तर कच्चा भाजलाय, पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरेल. उघड्या आव्यात आच सगळीकडं सारखी लागत नाही, म्हणून अशा कामाला कौलांच्या किंवा बंद भट्टीत भाजून घेतलेलं बरं.

सुकवणी घाईत झाली की तुकडा भट्टीत फुटतो. जाड नक्षीचे तुकडे सावलीत, गोणपाटाखाली हळूहळू सुकवायचे, उन्हात ठेवून लवकर मोकळं व्हायचं नाही.

जुना तुकडा काढताना शेजारचे फुटू नयेत म्हणून काय करायचं?

ग्राइंडर नको, हॅमर ड्रिल नको. सांधा हातानं, पातळ छिन्नीनं आणि करवतीच्या तुटक्या पात्यानं मोकळा करायचा. सिमेंटचा सांधा असेल तर जीव जातो, तरी हातानंच, कारण ग्राइंडर एकदा सटकला की जुन्या तुकड्याची कड कायमची गेली. जो तुकडा बदलायचाच आहे त्याचा बळी द्या, म्हणजे तो मधे फोडून आतल्या बाजूनं काढा, शेजाऱ्यांवर जोर येऊ देऊ नका. काढलेला एकही तुकडा रस्त्यावर टाकू नका, नक्षीचे पेटीत ठेवा, साधे असतील तर कुटून चुरा करा, पुढच्या मातीत किंवा चुन्यात जातो.

आणि खाली माणसं चालत असतील तर आधी जाळी बांधा. सुटा झालेला कळस पावसाळ्याच्या तोंडावर सापडला तर तो नंबर घालून उतरवून घरात ठेवा, वर भोकाला ताडपत्री. चार महिने भिंत उघडी दिसली तर दिसू दे.

बसवायची पद्धत काय?

मागची पोकळी आधी साफ करायची, जुना गंजका आकडा पूर्ण काढायचा, अर्धा कापून आत सोडायचा नाही. नवीन आकडा किंवा सळी स्टेनलेसची, ३१६ ग्रेडची. साधी सळी रंग मारून वापरू नका, रंग खरवडला की पुन्हा तेच चक्र. भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवायचा, नुसतं फिरू द्यायचं.

तुकडा बसवायच्या आधी पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर तो सांध्यातल्या चुन्याचं पाणी ओढतो आणि चुना भुसभुशीत राहतो. सांध्याला भिजवून मुरवलेला चुना, विटकरीची सुरखी आणि धुतलेली नदीची वाळू. एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू, इथनं सुरुवात करून आधी एका कोपऱ्यात नमुना भरून बघा, वाळल्यावर नखानं ओरखडा. तत्त्व एवढंच की सांधा तुकड्यापेक्षा मऊ असला पाहिजे, ताण आला तर सांधा तडकावा, तुकडा नाही. सांधा परत भरणं सोपं असतं. बोअरचं खारट पाणी वापरू नका, लोणा तुम्ही स्वतःच आत घालताय असं होईल.

मागची पोकळी काँक्रीटनं ठासून भरायची सवय असते, ती थांबवा, पाणी आत अडकतं. भरल्यावर सांधा आठवडाभर तरी ओल्या गोणपाटाखाली ठेवा. सिमेंटच्या सवयीनं दुसऱ्या दिवशी परांची सोडायची घाई होते, चुना तेवढा वेळ मागतोच.

फायबर किंवा जीआरसीचे (काचेचे तंतू घातलेल्या काँक्रीटचे) तयार तुकडे मिळतात, हलके असतात. ते?

कधी कधी चालतात. खूप उंचावर, जिथं वजनाचा धोका आहे आणि खालनं कुणाला फरक दिसणार नाही तिथं. न्यूयॉर्कची वुलवर्थ बिल्डिंग १९१३ ची, तिच्या १९७७ ते १९८१ च्या दुरुस्तीत टेराकोटाचे हजारो तुकडे काँक्रीटचे बसवावे लागले. आपलं दोन मजली घर, दहा-पंधरा तुकडे, आणि माती तासाभराच्या अंतरावर. आपल्याला ती अडचणच नाही, मग फायबर कशाला? फायबरचा रंग उन्हात उडतो, तापून त्याचं प्रसरण मातीपेक्षा वेगळं होतं, सांधे उघडतात. तात्पुरतं जागा झाकायला घेतलं तर ठीक.

नवीन तुकडे जास्तच केशरी दिसतात. रेड ऑक्साईड मारून सगळं एकसारखं करून टाकू का?

नका करू. ऑइल पेंट, इनॅमल, वॉटरप्रूफ कोटिंग, कशानंच तोंड बंद करू नका. दोन-तीन पावसाळ्यांत नवा तुकडा आपोआप मवाळ होतो. रंग फारच खटकणार असेल तर भाजायच्या आधीच माती जुळवा, नमुने त्याचसाठी करून घ्यायचे.

जुने तुकडे धुवायला पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. टाइल धुवायचं ॲसिड लावू नका, प्रेशर वॉशर आणि वाळूचा मारा तर अजिबात नको. भाजलेल्या मातीचा सगळ्यात टणक भाग म्हणजे तिची वरची पातळ साय, ती एकदा गेली की आतली माती पाणी पीत सुटते.

परवानगी लागते का?

आधी तुमची इमारत कुणाच्या हद्दीत येते बघा. शहरात महानगरपालिका, कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, गावात पंचायत. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या केंद्रीय संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत घर असेल तर दुरुस्तीला सुद्धा आधी परवानगी लागते, आणि त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात पण नियम आहेत. आपल्या भागाचं काम पुरातत्त्व खात्याच्या धारवाड सर्कलकडं येतं. अर्जासोबत नंबर घातलेला तो फोटो जोडा, "नवीन बांधकाम नाही, आहे तसं, त्याच साहित्यात" हे वाक्य अर्जात स्पष्ट असू दे. अर्ज कन्नडमध्ये चांगल्या माणसाकडनं लिहून घ्या, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यात गोंधळ झाला की फाइल महिनोन्‌महिने फिरते.

काम कधी काढायचं?

दिवाळीनंतर ठोकून तपासणी आणि नमुने, संक्रांतीच्या आसपास भाजणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवणी. एप्रिल-मे मध्ये वळीव येतो आणि कडक ऊन पण असतं, दोन्ही ताज्या चुन्याला वाईट. मे महिन्यात फोन करून "पावसाच्या आत करून द्या" म्हणणारे दरवर्षी असतात, त्यांना एकच सांगणं, यंदा फक्त उतरवून ठेवा आणि पन्हळ दुरुस्त करा.

वाडा सामाईक आहे, भाऊबंद पुण्या-मुंबईला. खर्चाला कुणी हो म्हणत नाही. काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मनाला लागतो. खर्चात मोठा वाटा परांचीचा आणि साच्याचा असतो, तुकड्याच्या मातीचा नाही. एकदा साचा झाला की दहा तुकड्यांच्या जागी वीस करायला त्यामानानं फार लागत नाही, म्हणून साचा घराण्याच्या नावानं नीट जपून ठेवा आणि पाच-सहा तुकडे जादा भाजून माळ्यावर ठेवा. परांची बांधाल त्याच वेळी पन्हळ, रंग, लाइटचं काम सगळं उरकून घ्या. आणि भाऊबंदांना आकडा पाठवण्याआधी फोटो पाठवा, कमानीवरचं ते फूल जवळनं काढलेलं. लहानपणी ज्या खिडकीत बसून मिरवणूक बघितली ती खिडकी ओळखीची असते सगळ्यांना. तरी पैसे जमले नाहीत तर सगळं एकदम करू नका, पश्चिमेची बाजू आधी, बाकीची पुढच्या वर्षी.

बसवून झाल्यावर काही बघावं लागतं का?

पहिल्या मोठ्या पावसानंतर रस्त्याच्या पलीकडनं उभं राहून बघा, आणि उघडीप पडल्यावर दोन दिवसांनी परत त्याच जागेवरनं. सगळी भिंत वाळली आणि एकच पट्टा ओला राहिला असेल तर त्याच्या बरोबर वर पाणी कुठनंतरी आत जातंय, ते शोधा. नव्या सांध्यावर पांढरी भुकटी आली तर कोरड्या ब्रशनं झाडून काढा, पाण्यानं धुतली तर ती परत आत जाते. वर्षातनं एकदा, गणपतीच्या आधी घर झाडतो तेव्हा पन्हळीतला पाला काढा आणि सांध्यात पिंपळाचं रोप आलंय का बघा, दोन पानांचं असताना ते बोटानं मुळासकट निघतं.